आंब्याच्या हंगामाचे पैसे आणि बँक स्टेटमेंट : पायथनने वाचा, पण ताळा लावूनच

आमची हापूसची बाग रत्नागिरी जिल्ह्यात पावसजवळ आहे. मार्चच्या मध्यापासून मे संपेपर्यंत घरात पैसे तीन वाटांनी येतात. वाशीच्या बाजारातल्या दलालाकडून पट्टीचे (विकलेल्या मालाच्या हिशोबाचे) पैसे एनईएफटीने येतात, पुण्या-मुंबईची गिऱ्हाइकं पेटीचे पैसे यूपीआयने पाठवतात, आणि गावातली रोख चार दिवस साठून मग खात्यात भरली जाते. खाती तीन बँकांत. जून लागला की बाबा वही उघडून बसायचे आणि दरवर्षी एकच वाक्य म्हणायचे, “मोबाईल सांगतो पैसे आले. कोणाचे आले ते कोण सांगणार?”

त्यासाठी मी पायथनमध्ये एक छोटी लायब्ररी लिहिली. ती स्टेटमेंटच्या फायली वाचते, सगळं एका साच्यात आणते, आणि मग तिला प्रश्न विचारता येतात. तीन हंगाम ती वापरल्यावर मला एक गोष्ट ठामपणे सांगायची आहे. फाइल वाचणारी लायब्ररी शोधायला एक संध्याकाळ पुरते. जे वाचलं ते पूर्ण आणि बरोबर आहे, हे दाखवण्यात बाकीचे सगळे दिवस जातात. म्हणून या लेखात ताळ्याला, म्हणजे शिल्लक जुळते का ते तपासण्याला, जास्त जागा दिली आहे.

पायथनची तोंडओळख असेल तर पुढचं सगळं करता येईल. फंक्शन आणि लायब्ररींची नावं इथे उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत, टाइप करताना ती इंग्रजी अक्षरांत लिहायची.

आधी, काय शक्य आहे ते

इंटरनेटवर शोधलं की ओएफएक्स वाचणाऱ्या लायब्ररी पहिल्यांदा दिसतात. हा फाइलप्रकार १९९७ साली मायक्रोसॉफ्ट, इन्ट्युइट आणि चेकफ्री या कंपन्यांनी मिळून आणला, आणि अमेरिकेतल्या बऱ्याच बँका तो देतात. जर्मनीत फिनटीएस नावाची पद्धत आहे. तिथे खातेदार स्वतःच्या प्रोग्रॅममधून थेट बँकेला शिल्लक विचारू शकतो, आणि त्यासाठी पायथनची लायब्ररीही आहे.

आपल्याकडे असं थेट दार खातेदाराला उघडं नाही. आपल्याकडे अकाउंट अ‍ॅग्रिगेटरची व्यवस्था आहे. रिझर्व्ह बँकेने तिचे निर्देश २ सप्टेंबर २०१६ रोजी काढले आणि सप्टेंबर २०२१ मध्ये ती प्रत्यक्षात सुरू झाली. तुमच्या संमतीने तुमच्या खात्याची माहिती एका संस्थेकडून दुसऱ्या संस्थेकडे कुलूपबंद जाते, मधल्या अ‍ॅग्रिगेटरला ती उघडता येत नाही. पण माहिती घेणारी संस्था वित्तीय नियामकाच्या देखरेखीखालची असावी लागते. बागायतदाराच्या लॅपटॉपला ती वाट नाही.

राहिला तो मार्ग नेटबँकिंगचा पासवर्ड प्रोग्रॅमला देऊन त्याला आपल्या वतीने लॉगिन करायला लावण्याचा. तो घेऊ नका. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार, खातेदाराने स्वतः पासवर्डसारखी माहिती दुसऱ्याला दिल्यामुळे नुकसान झालं तर बँकेला कळवेपर्यंतचा भार खातेदारावर पडतो. फाइल हाताने डाउनलोड करायला महिन्यातली दहा मिनिटं लागतात, ती द्यावीत.

फाइल कोणती घ्यावी

बँक पर्याय देत असेल तर माझा पसंतीक्रम असा आहे: चालू खात्याला एमटी ९४० (यंत्राने वाचण्यासाठीचा स्टेटमेंटचा साचा) मिळत असेल तर ती, नाहीतर सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी मजकूर फाइल), मग एक्सेल, आणि सगळ्यात शेवटी पीडीएफ. एका खात्यासाठी एकदा प्रकार ठरवला की तोच धरून ठेवा. सीएसव्हीत व्यवहाराचा तपशील पूर्ण येतो आणि पीडीएफमध्ये तोच कापलेला येतो, असं पुष्कळदा होतं. दोन्ही मिसळलं की एकच व्यवहार दोन वेगळे व्यवहार वाटू लागतात.

आलेली मूळ फाइल एका फोल्डरमध्ये जशीच्या तशी ठेवा आणि तिला कधीही हात लावू नका. सीएसव्ही एक्सेलमध्ये उघडून सेव्ह करणं तर कटाक्षाने टाळा. यूपीआयचा संदर्भ क्रमांक १२ आकडी असतो. तो स्वतंत्र रकान्यात असेल तर एक्सेल त्याला संख्या समजून घातांकाच्या रूपात दाखवतं, आणि सेव्ह केल्यावर शेवटचे आकडे कायमचे जातात. खाते क्रमांकाच्या सुरुवातीची शून्यंही तशीच गळतात.

साचा

कुठल्याही बँकेची फाइल असो, ती एकाच तक्त्यात उतरली पाहिजे. माझे रकाने असे आहेत: खातं, फाइलचं नाव, ओळ क्रमांक, दिनांक, मूल्य दिनांक (ज्या दिवसापासून रक्कम हिशोबात धरली जाते तो), तपशील, संदर्भ, नावे (खात्यातून गेलेली रक्कम), जमा, शिल्लक. पायथन ३ मध्ये व्हेरिएबलची नावं देवनागरीत देता येतात आणि एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसच्या रकान्यांनाही मराठी नावं चालतात, म्हणून मी ती मराठीतच ठेवली आहेत. बाबांना तक्ता दाखवला की त्यांना तो लगेच वाचता येतो. तुम्ही अकाउंट अ‍ॅग्रिगेटरचा साचा पाहिलात तर त्यातही जवळपास हेच आहे: व्यवहाराचा प्रकार, माध्यम, रक्कम, त्यानंतरची शिल्लक, वेळ, मूल्य दिनांक, तपशील, संदर्भ. पुढे कधी त्या वाटेने माहिती आली तर जोडायला सोपं जाईल.

ओळ क्रमांक का हवा ते पुढे येईल, पण तो वगळू नका.

रक्कम कधीही फ्लोटमध्ये (पायथनच्या नेहमीच्या दशांश संख्येत) ठेवू नका. पायथनला ०.१ आणि ०.२ यांची बेरीज विचारली तर उत्तर ०.३०००००००००००००००४ येतं. शिल्लक जुळते की नाही हे पैशापर्यंत तपासायचं असताना हे चालणार नाही. वाचताना डेसिमल (दशांश नेमके ठेवणारा प्रकार) वापरा आणि साठवताना पैशांत पूर्णांक करा, म्हणजे २,८०० रुपये हे २८०००० म्हणून ठेवा. एसक्यूलाइटमध्ये डेसिमल हा प्रकारच नाही, त्यामुळे पूर्णांक हाच सरळ उपाय आहे.

सीएसव्ही आणि एक्सेल

पँडाज या तक्ते हाताळणाऱ्या लायब्ररीचं रीड_सीएसव्ही फंक्शन इथे पुरेसं आहे, पण त्याला अंदाज बांधू देऊ नका. डीटाइप ‘स्ट्र’ द्या, म्हणजे प्रत्येक खाना मजकूर म्हणूनच येईल, आणि कीप_डीफॉल्ट_एनए बंद करा, म्हणजे रिकामे खाने रिकामेच राहतील. एन्कोडिंगला ‘यूटीएफ-८-सिग’ दिलं की फाइलच्या सुरुवातीला लपलेलं चिन्ह पहिल्या रकान्याच्या नावाला चिकटत नाही.

बँकेच्या फाइलीत तक्ता पहिल्या ओळीपासून सुरू होत नाही. वर नाव, पत्ता, आयएफएससी (शाखेचा कोड), कालावधी अशा पंधरा-वीस ओळी असतात. किती ओळी सोडायच्या तो आकडा प्रोग्रॅममध्ये लिहून ठेवू नका, कारण पत्त्याची एक ओळ वाढली की तो चुकतो. त्याऐवजी एक-एक ओळ वाचत जा, आणि ज्या ओळीत दिनांक व शिल्लक या दोन्ही अर्थांचे शब्द एकत्र दिसतील ती मथळ्याची ओळ माना. तळाशी ‘हे संगणकाने तयार केलेले स्टेटमेंट आहे’ अशा ओळी असतात, दिनांक नसलेल्या त्या ओळी तिथे थांबण्याची खूण समजा.

‘.एक्सएलएस’ नावाची फाइल पँडाजने उघडली नाही तर ती आधी नोटपॅडमध्ये उघडून पाहा. आत बहुधा टॅबने वेगळे केलेले साधे शब्द किंवा एचटीएमएलचा तक्ता निघतो, फक्त नाव एक्सेलचं असतं. मी यात एक अख्खी दुपार घालवली आहे.

दिनांकाचा साचा स्वतः सांगा: आधी दिवस, मग महिना, मग वर्ष. तो न सांगता टू_डेटटाइमवर सोडलं तर ०५/०४/२०२५ हा ५ एप्रिल न राहता ४ मे होऊ शकतो, आणि आपल्या हंगामात दोन्ही तारखा खपून जातात. म्हणूनच ही चूक नजरेला दिसत नाही.

रकमेतले स्वल्पविराम काढा (१,२५,००० हे आपल्या पद्धतीचे गट पायथनला कळत नाहीत), मागे लागलेलं ‘सीआर’ (जमा) किंवा ‘डीआर’ (नावे) वेगळं करा, नुसती आडवी रेघ म्हणजे शून्य माना. काही सहकारी संस्थांची विवरणं मराठी आकड्यांत येतात, त्याची मला आधी धास्ती होती. ती अनाठायी ठरली. पायथनचा डेसिमल देवनागरी आकडे आपणहून समजतो, आणि रेग्युलर एक्स्प्रेशनमधली (मजकुरातला साचा शोधण्याच्या पद्धतीतली) अंकाची खूणही ते धरते.

पीडीएफ

इथे वेळ द्यावा लागतो. मी पीडीएफप्लंबर ही लायब्ररी वापरते. ओपन करताना पासवर्ड देता येतो, आणि ई-मेलने येणाऱ्या स्टेटमेंटला तो बहुधा असतोच. तो कोडमध्ये लिहू नका, चालवताना विचारून घ्या. आणि कुलूप काढण्यासाठी फाइल कुठल्याही फुकट वेबसाइटवर चढवू नका.

पानावर एक्स्ट्रॅक्ट_टेबल चालवा. तक्त्याला रेघा छापलेल्या असतील तर काम लगेच होतं. रेघा नसतील तर उभ्या रेघांची जागा तुम्ही स्वतः सांगायची: व्हर्टिकल_स्ट्रॅटेजीला ‘एक्सप्लिसिट’ देऊन रकान्यांच्या सीमांचे आकडे द्यायचे. टू_इमेज करून त्यावर डीबग_टेबलफाइंडर चालवलं की लायब्ररीला रेघा कुठे दिसत आहेत ते चित्रातच दिसतं. मी हे आधी न करता आकडे अंदाजाने बदलत बसायचे. चित्र पाहायला लागल्यापासून नवीन बँकेचा साचा अर्ध्या तासात बसतो.

तपशील दोन-तीन ओळींत मोडलेला असतो. नियम साधा आहे: ज्या ओळीत दिनांक नाही आणि रक्कमही नाही, ती आधीच्या व्यवहाराचं शेपूट समजून जोडायची. पान संपताना मात्र हे शेपूट दुसऱ्या पानावर जातं, आणि मध्ये पुन्हा मथळा छापलेला असतो.

मराठी मजकुराच्या जुन्या पीडीएफमध्ये फॉन्ट युनिकोड नसतो. डोळ्यांना ‘रोख जमा’ दिसतं आणि बाहेर निघतात अर्थहीन इंग्रजी चिन्हं. अशा वेळी तपशिलाचा नाद सोडा, दिनांक आणि रकमा तेवढ्या घ्या. पासबुकाचा फोटो किंवा स्कॅन असेल तर त्यात मजकूरच नसतो, त्याला टेसरॅक्टसारखं चित्रातून अक्षरं ओळखणारं साधन लागतं. त्यातून आलेल्या आकड्यांवर पुढचा ताळा लागेपर्यंत विश्वास ठेवू नका.

एमटी ९४०

यात फार सांगण्यासारखं नाही, कारण हा प्रकार यंत्रासाठीच बनला आहे. ‘एमटी-९४०’ ही पायथनची लायब्ररी घ्या, तिच्या पार्स फंक्शनला फाइल द्या, व्यवहारांची यादी मिळते आणि नावे रकमा उणे होऊन येतात. आतल्या खुणा ओळखता आल्या तर बरं: ६०एफ म्हणजे आरंभीची शिल्लक, ६१ म्हणजे व्यवहाराची ओळ, ८६ म्हणजे तिचा तपशील, ६२एफ म्हणजे अखेरची शिल्लक. रकमेत दशांश टिंबाच्या जागी स्वल्पविराम असतो, त्यामुळे ही फाइल स्वतःच्या हाताने फोडायला जाल तर फसाल.

ताळा

स्टेटमेंटची एक मोठी सोय अशी की ते स्वतःची परीक्षा सोबत घेऊन येतं. एमटी ९४० सोडली तर प्रत्येक ओळीत शिल्लक छापलेली असते. मागच्या ओळीची शिल्लक, वजा नावे, अधिक जमा, म्हणजे या ओळीची शिल्लक. हे सगळ्या ओळींना लागू पडलं नाही तर माझी लायब्ररी त्या फायलीतली एकही ओळ साठवत नाही.

गेल्या वर्षी एप्रिलच्या एका पीडीएफला ८,४०० रुपयांचा फरक आला. सगळी पानं वाचली गेली होती, ओळीही भरपूर होत्या, नुसतं पाहून कुणालाही शंका आली नसती. ताळा तिसऱ्या पानाच्या सुरुवातीला तुटला होता. त्या पानावर मथळा छापलेलाच नव्हता, आणि मी प्रत्येक पानाची पहिली ओळ मथळा म्हणून टाकून देत होते. तीन पेट्यांचे पैसे देणारं गिऱ्हाईक त्यात गेलं होतं. ताळा नसता तर जूनमध्ये आम्ही त्यांना फोन करून पैसे मागितले असते.

फरकाचा आकडा बोलका असतो. फरक एखाद्या व्यवहाराइतकाच असेल तर ओळ सुटली किंवा दुबार आली. फरक एखाद्या रकमेच्या बरोबर दुप्पट असेल तर नावे आणि जमा यांची अदलाबदल झाली. फरकाला ९ ने पूर्ण भाग जात असेल तर शेजारचे दोन अंक उलटसुलट झाले असण्याची शक्यता मोठी, जसं ५४० चे ४५०. ही युक्ती जुन्या हिशोबनिसांची, आणि चित्रातून किंवा हाताने उतरवलेल्या आकड्यांना ती आजही तितकीच लागू आहे. माझा प्रोग्रॅम ताळा तुटलेली ओळ, फरक आणि या तीनपैकी कोणती शंका, एवढं छापतो.

आणखी दोन तपासण्या आहेत. फाइलच्या पातळीवर आरंभीची शिल्लक, एकूण जमा, एकूण नावे आणि अखेरची शिल्लक यांचा मेळ. आणि फायलींच्या मध्ये: मार्चची अखेरची शिल्लक हीच एप्रिलची आरंभीची हवी. दुसरी तपासणी आम्हाला विशेष लागते, कारण दलालाची उचल (आगाऊ पैसे) जानेवारी-फेब्रुवारीत येते आणि माल एप्रिल-मे मध्ये जातो. ३१ मार्चला आर्थिक वर्ष बदलतं, हंगाम बदलत नाही.

आता ओळ क्रमांकाकडे येऊ. काही बँका ताजा व्यवहार सर्वांत वर देतात. ते उलटं करताना तारखेने लावलं तर एकाच दिवसातल्या सात जमांचा क्रम बिघडतो आणि ताळा विनाकारण तुटतो. म्हणून फाइलमधला मूळ क्रम क्रमांकाने जपा, आणि उलटायचा तर तो क्रमांक उलटा.

दुबार ओळी

ओएफएक्समध्ये प्रत्येक व्यवहाराला बँकेने दिलेला स्वतःचा क्रमांक असतो, त्यामुळे तीच फाइल दोनदा वाचली तरी बिघडत नाही. आपल्या स्टेटमेंटमध्ये असा भरवशाचा क्रमांक नाही. यूपीआयचा संदर्भ क्रमांक तसा वापरावा असं वाटेल, पण फसलेला व्यवहार परत येतो तेव्हा तोच क्रमांक एकदा नावे आणि एकदा जमा बाजूला दिसू शकतो. एसएमएसच्या शुल्कासारख्या ओळींना तर संदर्भच नसतो.

मी ठसा बनवते: खातं, दिनांक, मोकळ्या जागा काढलेला तपशील, नावे, जमा आणि शिल्लक, हे सगळं जोडून त्याचा हॅश (त्या मजकुरापासून काढलेला ठरावीक लांबीचा संकेत). शिल्लक त्यात असल्यामुळे एकाच दिवशी एकाच गिऱ्हाइकाने दोनदा २,८०० पाठवले तरी दोन्ही ओळी वेगळ्या राहतात. एसक्यूलाइटमध्ये त्या रकान्याला युनिक करा, म्हणजे तोच ठसा दोनदा बसणार नाही, आणि ‘इन्सर्ट ऑर इग्नोर’ने भरा. मग १ ते ३० एप्रिलची फाइल आणि १५ एप्रिल ते १५ मेची फाइल बिनधास्त पाठोपाठ वाचता येते.

खात्याला मात्र तुमचं स्वतःचं छोटं नाव द्या, बँकेच्या नावावर किंवा आयएफएससीवर अवलंबून राहू नका. १ मे २०२५ पासून विदर्भ कोकण ग्रामीण बँक महाराष्ट्र ग्रामीण बँकेत एकत्र झाली, तेही ऐन हंगामात. त्याआधी १ एप्रिल २०१९ ला देना आणि विजया या बँका बँक ऑफ बडोद्यात गेल्या. अशा वेळी कोड बदलतात, फाइलचा साचाही बदलू शकतो, पण घरच्या दृष्टीने खातं तेच असतं.

तपशील फोडणे

‘यूपीआय/सीआर/१२ आकडे/नाव/बँक’ अशा धाटणीची ओळ असते. क्रम बँकेगणिक वेगळा. तिरक्या रेघांवर तोडून तिसरा तुकडा घेण्यापेक्षा ओळीत कुठेही सलग १२ अंक शोधणं टिकाऊ. त्याच्या आगेमागे अंक नसावा ही अट घाला, नाहीतर लांब खाते क्रमांकाचा तुकडा हाती येईल. एनईएफटीचा यूटीआर (व्यवहाराचा संदर्भ क्रमांक) १६ अक्षरांचा आणि आरटीजीएसचा २२ अक्षरांचा असतो, त्यांना वेगळे नियम लिहा. काढलेला संदर्भ स्वतंत्र रकान्यात ठेवा, मूळ तपशील मात्र पुसू नका. पुढच्या वर्षी नियम सुधारला की जुन्या ओळी पुन्हा फोडता येतात.

जुळवणी

ऑर्डरचा तक्ता वेगळा: क्रमांक, नाव, गाव, पेट्या, रक्कम, तारीख. सुरुवातीला मी नावं जुळवायला गेले आणि हरले. ऑर्डर आजींची, पैसे नातवाच्या खात्यातून, आणि नाव बँकेने अर्ध्यावर कापलेलं. आता पैसे पाठवणाऱ्याला आम्ही व्हॉट्सअ‍ॅपवर यूपीआयचा १२ आकडी क्रमांक पाठवायला सांगतो. तो ऑर्डरमध्ये लिहिला की पहिली जुळवणी एका जॉइनमध्ये (दोन तक्ते त्या क्रमांकावर जोडून), बिनचूक होते. स्क्रीनशॉट पुरावा मानू नका, स्टेटमेंटमध्ये तो क्रमांक जमेत आला तरच पैसे आले.

उरलेल्यांना दुसरा नियम: रक्कम तीच आणि तारखेत तीन दिवसांपर्यंतचा फरक. एनईएफटी १६ डिसेंबर २०१९ पासून चोवीस तास चालतं, त्यामुळे रविवारी रात्री पाठवलेले पैसेही येतात, पण नोंदीची तारीख पुढची असू शकते. या नियमाने दोन ऑर्डरी एकाच जमेला लागत असतील तर प्रोग्रॅमने निवड करू नये, दोन्ही ‘संशयित’ म्हणून दाखवाव्यात.

पट्टीचं गणित निराळं आहे. दलाल चार पट्ट्यांची बेरीज करतो, भाडं, हमाली आणि उचल वजा करतो, आणि एकच रक्कम पाठवतो. ती कोणत्याही एका पट्टीशी जुळणार नाही. त्यासाठी ‘वाटप’ नावाचा तिसरा तक्ता ठेवा: एक जमा, तिच्याखाली अनेक ओळी, काही अधिक, काही उणे, आणि बेरीज जमेइतकीच आली पाहिजे. इथेही तीच अट, बेरीज जुळली नाही तर साठवायचं नाही.

एवढं करून दरवर्षी वीस-पंचवीस ओळी उरतात. मी त्या मोठ्या अक्षरांत छापून बाबांना देते. ते पडवीत बसून पेनाने समोर नावं लिहितात: हे पाटणकरांच्या जावयाचे, ही काजूची रोख, हे मागच्या वर्षीचे राहिलेले. ती नावं मी ‘ओळख’ नावाच्या तक्त्यात भरते, तपशिलातला तुकडा एका बाजूला आणि माणूस दुसऱ्या बाजूला, आणि पुढच्या मार्चमध्ये जुळवणीच्या आधी प्रोग्रॅम पहिल्यांदा तोच तक्ता पाहतो.